फाईल डिलीट केली ना, दादा?

दिल्लीत वकिली शिकत होते तेव्हा मी स्वतःला एका थंडगार खोलीत बसलेली बघायचे. समोर मोठाले स्क्रीन, पलीकडे कुठल्या तरी परक्या देशातला हॅकर आणि त्याचा माग काढणारी मी! सायबर कायदा हा माझा आवडता विषय. 'माणसाची माहिती म्हणजे माणूसच' हे माझं वाक्य वादविवाद स्पर्धेत टाळ्या घ्यायचं. शिक्षण संपल्यावर मैत्रिणी मोठ्या कंपन्यांत गेल्या. मी मात्र सगळ्यांना ठासून सांगितलं, "माझी गरज लातूरला आहे."

लातूरला माझ्या वाट्याला आला तो मामांच्या झेरॉक्सच्या दुकानातला एक कोपरा. दुकान क्लासच्या गल्लीत. एका बाजूला लॅमिनेशनचं मशीन, दुसऱ्या बाजूला कागदांचे गठ्ठे आणि मधे माझं टेबल. त्यावर मी हौसेनं पाटी लावली, 'ऑनलाइन सुरक्षा व कायदेशीर सल्ला, मोफत.' पहिला माणूस आला. त्यानं पाटी सावकाश वाचली, मान डोलावली आणि विचारलं, "ताई, आधारच्या दोन्ही बाजू एकाच पानावर येतील का?"

त्या दिवसापासून किस्से साचायला लागले. आमच्या दुकानात कुणी काही पुसत नाही. फाईली साचतात, तसे हेही साचले. मैत्रिणी फोन करून म्हणतात, "सांग ना गं एखादा!" म्हणून सांगतेय. सुरुवातीला हसून घ्या. पुढे तशी संधी कमी आहे.

*

आधी दुकानाची रीत सांगते.

काचेवर ठळक आकड्यांत व्हॉट्सॲप नंबर लिहिलेला. गिऱ्हाईक बाहेर उभं राहूनच फाईल पाठवतं. आत कॉम्प्युटरवर ते व्हॉट्सॲप दिवसभर उघडं. गजाननदादा, म्हणजे आमचा ऑपरेटर, फाईल उतरवून घेतो आणि प्रिंट मारतो. उतरलेली प्रत्येक फाईल एकाच फोल्डरमध्ये पडते. फोल्डरचं नाव 'अप्पा', कारण सगळं गाव मामांना अप्पाच म्हणतं. गर्दी असली की गजाननदादा स्क्रीनच गिऱ्हाइकाकडे वळवतो. "घ्या, शोधा तुमची."

लोक शोधतात आणि शोधता शोधता बाकीच्यांचंही बघतात. "अरे, हे तर आमच्या गल्लीतल्या गुरुजींचं पॅनकार्ड! एवढं वय झालं व्हय त्यांचं?"

आधारच्या फाईलीला पासवर्ड असतो, नावाची चार अक्षरं आणि जन्माचं साल. एक आजी दर महिन्याला काही ना काही छापायला यायच्या. गजाननदादा काउंटरवरून ओरडायचा, "आजी, जन्मसाल?" आजी रांगेतल्या लोकांकडे बघायच्या आणि रांगेतलं कुणीतरी अंदाज सांगायचं. शेवटी गजाननदादानं तोडगा काढला. आधारच्या प्रत्येक फाईलीच्या नावातच तिचा पासवर्ड लिहून टाकला!

मी डोक्याला हात लावला. "दादा, अहो कुलपालाच किल्ली बांधून ठेवल्यासारखं झालं हे!"

त्याचा चेहरा खुलला. "हाव ताई! म्हणजे हरवायची भीतीच न्हाई!"

*

एका दुपारी रांग संपायची वाट बघत एक मुलगी माझ्या टेबलाशी उभी राहिली. नाव रेवती, गाव इस्लापूरच्या पुढचं. मेडिकलच्या परीक्षेचा क्लास करायला लातूरला राहिलेली. दुकान रिकामं झाल्यावर ती काउंटरकडे गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, आईनं पाठवलेली एक फाईल आहे. नांदेडच्या डॉक्टरांची. एकच प्रिंट द्या."

प्रिंट हातात पडताच तिनं ती उलटी धरली. "आता डिलीट करता ना?"

"हाव, करून राहिलो ना." गजाननदादानं तिच्यासमोर व्हॉट्सॲपमधून फाईल काढून टाकली. तिनं नीट बघितलं, मग दप्तर उचललं.

ती पुन्हा पुन्हा येत राहिली आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न. हळूहळू माझ्याशी बोलायला लागली. तिला फिट यायच्या. औषधानं थांबल्या होत्या, अभ्यास जोरात चालला होता, पण घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या मोठ्या बहिणीची सोयरीक रेणापूरला ठरली होती.

"ताई, त्यांच्या कानावर गेलं तर 'घरातच आजार आहे' म्हणून लग्न मोडतील. आणि ताईचं लग्न माझ्यामुळं मोडलं, तर बाबा मला इथं ठेवतील का? एक दिवस न्हाई ठेवणार."

"कुणाला कळणार नाही," मी म्हटलं. "गोपनीयता हा तुझा मूलभूत अधिकार आहे, रेवती."

ती काउंटरकडे वळली. "दादा, डिलीट केली ना?"

मूलभूत अधिकारापेक्षा तिला गजाननदादाचं 'हाव' जास्त खात्रीचं वाटत असावं.

*

माझी पहिली खरी केस जळकोटहून आली!

एक काका, पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं. त्यांच्या मोबाईलवर लग्नपत्रिका म्हणून एक फाईल आली होती. उघडायला गेले, तर पत्रिका काही दिसली नाही, पण मोबाईल आपोआप चालायला लागला. बँकेचं खातं रिकामं झालं. तीच फाईल त्यांच्या नंबरवरून साऱ्या भावकीला आणि पाव्हण्यारावळ्यांना गेली.

मी सरसावून बसले. "काका, घाबरू नका. आधी बँकेला कळवू, मग पोलिसांत तक्रार. ही फसवणूक आहे, कायद्यात कलमं आहेत."

"ते करा तुम्ही सावकाश. माझी फिकीर दुसरी हाय."

"कसली?"

"लोक फोन करून राहिलेत. लग्न कुणाचं हाय, म्हणून. साडूनं तर गाडी पण ठरवली. थोरला मेव्हणा रुसलाय, घरी येऊन पत्रिका दिली न्हाई म्हणून." काकांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "पोरी, पैशाचं बघू. पण पत्रिका माझ्या नावानं गेलीय ना? पाव्हणे दारात आले, तर जेवायला काय वाढू?"

काकांनी दुसऱ्या दिवशी खरंच घरी स्वयंपाक सांगितला होता, असं नंतर कळलं. बँकेकडून काहीच परत मिळालं नाही. पाव्हणे मात्र जेवून गेले.

*

त्याच सुमारास आमच्या काचेवर, व्हॉट्सॲप नंबरच्या खाली, एक काळापांढरा चौकोन लागला. क्यूआर कोड.

झालं असं की, मुलं दिवसभर नोट्स मागत. अमुक सरांची टेस्ट सीरिज, तमक्या टॉपरच्या हातच्या वह्या, स्कॅन केलेली महागडी पुस्तकं. हे सगळं कुणी ना कुणी आमच्या नंबरवर पाठवलेलं असायचंच. दर मुलाला वेगळी फाईल शोधून द्यायचा गजाननदादाला कंटाळा आला. त्यानं लिंक बनवली आणि काचेवर चिकटवली. मोबाईल धरा आणि हवं ते घ्या, फुकट!

मामांची छाती फुगली. कपाळावरच्या विभूतीला धक्का न लावता घाम पुसत ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "गोरगरिबांची लेकरं शिकतील. आपण काय, निमित्तमात्र."

मी भांडले. कुणीतरी कष्टानं लिहिलेलं त्याला न विचारता वाटणं ही चोरीच, हे परोपरीनं सांगितलं.

मामा शांतपणे म्हणाले, "माय, तू शिकायला दिल्लीला गेलीस. ह्यांनी कुठं जावं?"

भांडण मी कॉपीराइटसाठी केलं. लिंकमध्ये आणखी काय आहे, हे ना मी विचारलं, ना मामांनी.

*

एक दिवस गल्लीतल्या एका क्लासचे सर तणतणत आले. त्यांची टेस्ट सीरिज बाजारात यायच्या आधी आमच्या लिंकवर आली होती.

"अप्पा, हे शोभतं का तुम्हाला? रात्रंदिवस राबतो आम्ही, आणि तुम्ही फुकट वाटता? कोर्टात खेचीन!"

मला भरून आलं. अखेर लातुरात कुणीतरी स्वतःच्या हक्कासाठी उभं राहिलं! मी मामांची भाची असूनही सरांच्या बाजूनं बोलायला उठले. कलम सांगितलं, शिक्षा सांगितली. मामांचा चेहरा उतरला. गजाननदादानं मुकाट्यानं स्क्रीन सरांकडे वळवला. "तुमची कोणती ती दाखवा सर, आत्ता काढून टाकतो."

सरांनी चष्मा लावला आणि यादी खालीवर फिरवली. स्वतःच्या फाईलीवर बोट ठेवलं. "ही काढा. आत्ताच्या आत्ता." मग बोट दोन ओळी खाली सरकलं आणि आवाजही खाली आला.

"आणि ही नांदेडच्या सरांची बायोलॉजी आहे का? पूर्ण आहे? एक प्रिंट द्या बरं. बॅक टू बॅक."

*

रेणापूरला बायकांच्या एका कार्यक्रमात मला भाषणाला बोलावलं. विषय, 'ऑनलाइन फाईल पाठवताना घ्यायची काळजी'. मी जीव ओतून बोलले. कुणालाही आधार पाठवू नका, पाठवलंच तर काम झाल्यावर पुसायला सांगा, अनोळखी फाईल उघडू नका. बायका शेवटपर्यंत बसल्या, प्रश्नही विचारले. मला वाटलं, ह्यासाठीच आपण परत आलो!

आभार मानताना संयोजक म्हणाले, "मॅडमनी आपले डोळे उघडले." मग त्यांनी हजेरीचे कागद टेबलावर पसरले. त्यावर प्रत्येकीचं नाव, मोबाईल, आधार क्रमांक आणि सही. मोबाईलनं त्यांचे फोटो काढले आणि माझ्यासमोर तालुक्याच्या ग्रुपवर टाकले.

"अहो, हे काय करताय?" मी किंचाळलेच.

"पुरावा लागतो मॅडम, कार्यक्रम झाल्याचा."

*

नांदेडला गेले होते कामाला. परतीच्या बसला वेळ होता, म्हणून स्टँडसमोर चहा घेत उभी राहिले. शेजारी एक झेरॉक्सचं दुकान. सवयीनं काचेकडे नजर गेली आणि मी कप खाली ठेवला.

आमचा चौकोन! झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून करडा पडलेला. खाली कुणीतरी पेननं लिहिलेलं, 'लातूर नोट्स फ्री'.

दुकानदार आतून म्हणाला, "घ्या की मॅडम, स्कॅन करा. लातूरचं हाय. सगळं मिळतं त्यात."

मी स्कॅन केलं. आणि खरंच त्यात सगळं होतं.

गजाननदादानं नोट्सची नव्हे, अख्ख्या 'अप्पा' फोल्डरची लिंक दिली होती. नोट्स तिथेच पडायच्या, म्हणून. टेस्ट सीरिजच्या खाली आजींचं आधार, पासवर्डासकट. त्याखाली कुणाचा घटस्फोटाचा दावा, कुणाचे रक्ताचे रिपोर्ट, कुणाच्या जमिनीच्या वाटणीचा मसुदा. 'ताई वकिली सर्टिफिकेट' ह्या नावानं माझी पदवी, माझं आधार आणि माझा फोटो. फाईल शोधायला सोपी जावी म्हणून गजाननदादा प्रत्येकीला नीट नाव द्यायचा. खाली खाली जात एका नावाशी माझा अंगठा थांबला.

'रेवती इस्लापूर फिट रिपोर्ट'.

व्हॉट्सॲपमधून त्यानं ती पुसली होती, अगदी प्रामाणिकपणे, तिच्या डोळ्यांदेखत. पण तिथून पुसली तरी फोल्डरमध्ये उतरलेली प्रत तशीच राहते, हे त्याला माहीत नव्हतं.

*

रस्त्यावर उभी राहूनच मी मामांना फोन केला. ओरडले, हात जोडले, सगळं समजावलं. मामा घाबरले. "अगं माय! आत्ता बंद करायला लावतो." गजाननदादानं लगेच लिंक बंद केली. बसमध्ये बसल्यावर मी पुन्हा तपासलं. लिंक उघडत नव्हती. जिवात जीव आला.

लातूरला उतरून थेट दुकानावर गेले, तर काचेवर नवा कोरा चौकोन! आणि समोर मुलांची झुंबड.

"दादा, हे काय?"

"पोरं लई कालवा करून राहिली होती ताई, लिंक चालंना म्हणून. अप्पा म्हणले, जुनी बिघडली असंल तर नवी दे. दिली."

"फक्त नोट्सची ना?"

"न्हाई न्हाई," गजाननदादा अभिमानानं म्हणाला. "कुणाचं काही हरवू नये, म्हणून सगळंच्या सगळं नवीनमध्ये टाकलं!"

मामा कसनुसं हसले. "मला वाटलं, तू म्हणत होतीस ती लिंक बंद झाली. ही दुसरी आहे."

मी गजाननदादाला उठवलं, स्वतः कॉम्प्युटरवर बसले आणि एक-एक फाईल पुसली. दुकानातून ती गेली. पण ज्यांनी आधीच उतरवून घेतली होती, त्यांच्या मोबाईलपर्यंत पोचेल असं कुठलंही बटण मला सापडलं नाही.

*

रेणापूरच्या नवऱ्यामुलाचा धाकटा भाऊ लातूरलाच क्लासला होता. फिजिक्सच्या नोट्स शोधताना त्याला गावाचं नाव ओळखीचं वाटलं. एवढंच झालं. त्यानं फाईल उघडली आणि घरच्या ग्रुपवर टाकली.

सोयरीक मोडली.

काही दिवसांनी दुकानासमोर एक रिक्षा थांबली. मागच्या सीटवर पत्र्याची पेटी, पेटीला टेकून रेवती. तिचे वडील उतरून आत आले. उन्हानं रापलेले, शांत.

मामा गडबडीनं उठले. "या पाव्हणे, बसा. चहा सांगतो."

"चहा नको अप्पा. एक इचारायचं हाय. ही पोरगी दर बारी इचारायची म्हणं, डिलीट केली का. तुम्ही काय म्हणायचे?"

गजाननदादा खाली बघत म्हणाला, "हाव म्हणायचो, मालक."

"मंग ऱ्हायली कुठं?"

"इथून गेली होती." त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं. मग बोट जरा बाजूला सरकवलं. "इथं ऱ्हायली."

वडील त्या दोन जागांकडे आळीपाळीनं बघत राहिले. "मंग तुम्ही डिलीट कशाला म्हणता?"

गजाननदादानं स्क्रीन बंद केला.

मी बाहेर रिक्षापाशी गेले. "रेवती, आपण तक्रार करू. मी लिहून देते सगळं. तुझ्यावर अन्याय झालाय."

"तक्रारीत माझं नाव येईल ना, ताई?"

"यावं लागेल. पण ते गुप्त ठेवायला सांगू."

"आजार पण लिहावा लागंल."

"हो."

"टाईप कुठं करणार?"

ती माझ्या खांद्यावरून दुकानाच्या काचेकडे बघत होती. चौकोन काढला होता, पण चिकटपट्टीच्या चार खुणा तशाच होत्या.

"नको ताई. पुन्हा एक फाईल नको."

"बाबांशी बोलू का? परीक्षा जवळ आलीय."

"बोलून बघितलं मी. ते म्हणतात, गावात बसून कर अभ्यास. गावात आता मला कुणी अभ्यास करताना बघत न्हाई, फिट कधी येते ते बघतात."

वडील येऊन पुढे बसले. रिक्षावाल्यानं हँडल ओढलं.

"औषध चुकवू नकोस," मला एवढंच सुचलं. "डॉक्टरांची चिठ्ठी आहे ना जवळ? नाहीतर एक प्रिंट—"

"कशाला?" रेवती म्हणाली. "आता सगळ्यांकडं आहे."

*

संध्याकाळी मामांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसले. कपाळावरची विभूती पुसली गेली होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"लई वाईट झालं. मी रेणापूरला जातो. त्या लोकांच्या पाया पडतो. इस्लापूरला पण जातो."

"आणि तक्रार?"

"कुणाविरुद्ध? माझ्या?" त्यांनी वर बघितलं. "गजाननला दोन लेकरं हायत. त्यानं मुद्दाम केलं का? मी केलं का? ह्या दुकानावर तुझ्या आईचं लग्न झालं, तुझं शिक्षण झालं. आणि तूच केस टाकणार?"

"मामा, त्या फोल्डरमध्ये किती माणसं होती, माहीत आहे? त्यांना अजून पत्तासुद्धा नाही. त्यांना कळायला नको?"

"कळून काय भलं होणार हाय त्यांचं?"

मी माझं टेबल आवरायला लागले. शेवटी मामाच म्हणाले, अगदी मऊ आवाजात, "आणि ती पोरगी न्हाई म्हणतीय. तिचं नाव न घेता कुणाच्या नावानं करणार तू तक्रार?"

*

सकाळी उठले तेव्हा ह्याचं उत्तर ठरलेलं होतं. आईला देवपूजेत सोडून मी पोलिसांकडे गेले.

टेबलामागचे हवालदार भले गृहस्थ होते. खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बोला. तक्रारदार कोण?"

"मीच. माझं आधार, माझी पदवी आणि माझा फोटो एका दुकानानं लिंकवर टाकले. माझ्यासोबत आणखी पुष्कळ जणांचे कागद होते. दुकानाला हे त्या सगळ्यांना कळवायला लावायचं आहे."

"दुकान कुणाचं?"

मी नाव सांगितलं.

"अप्पांचं?" त्यांचं पेन थांबलं. "अप्पा तुमचे कोण?"

"मामा."

"सख्खे?"

"सख्खे."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ निरखून बघितलं. मग उसासा टाकला. "घरात बोलून मिटत न्हाई का, ताई?"

"घरात बोलूनच आले."

"बरं. मग लेखी लागेल." त्यांनी मागच्या प्रिंटरकडे बघितलं. त्याच्यावर फाईलींचा ढीग होता आणि ढिगावर पाण्याची बाटली. "हे तर बंद हाय. असं करा, तुम्ही मोबाईलवर सगळं टाईप करा, सविस्तर. काय काय होतं लिंकवर, कुणाचं होतं, नावासकट. आणि ते समोर झेरॉक्सचं दुकान दिसतंय का? काचेवर नंबर हाय, त्याच्यावर पाठवा. सोबत आधार पण टाका. तो प्रिंट काढून आणून देतो."

मी खिडकीतून समोर बघितलं.

"काळजी करू नका," हवालदार म्हणाले. "भरवशाचा माणूस हाय. आमच्या इथल्या सगळ्यांच्या तक्रारी त्याच्याकडंच असतात."

मी मोबाईल बॅगेत ठेवला आणि पेन काढलं.

"साहेब," मी म्हटलं, "एक कोरा कागद मिळेल का?"